जोजोचा चार्ज

१

सकाळी कचेरीच्या फाटकातून कोण आत आलं, हे एबो क्वान्सा खुर्चीतून न उठता सांगायचा.

त्याच्या खोलीच्या भिंतीपलीकडे व्हरांड्यात अंगठ्याचं मशीन बसवलं होतं. अंगठा ओळखला की मशीनमधली बाई म्हणायची, "आभारी आहे." नाही ओळखला तर म्हणायची, "पुन्हा अंगठा ठेवा." बाईचा आवाज गोड होता, आणि रोज तेवढाच गोड असायचा. माणसाचा आवाज असा नसतो, एवढंच काय ते खटकायचं.

राखणदार अत्ता अंगठा असा दाबायचा की भिंतीवरचं कॅलेंडर हलायचं. पाणी तपासणारी मिस आमिसा टाचा वाजवत यायची, अंगठा टेकवायची आणि आभार ऐकायला थांबायची नाही.

आणि मग जोजो एसिल्फी यायचा. जोजो वॉलमन होता. टेकडीवरच्या टाकीतून खाली समुद्राकाठच्या गावाला पाणी सोडायचं, हे त्याचं काम. लोखंडी चावी फिरवून फिरवून त्याच्या अंगठ्यांवरच्या रेषा झिजून गेल्या होत्या. मशीन त्याला पहिल्या झटक्यात कधीच ओळखायचं नाही.

"पुन्हा अंगठा ठेवा."

"अगं बाई, कालच तर भेटलो आपण."

"पुन्हा अंगठा ठेवा."

"बघ नीट. गरिबाचा आहे, पण अंगठाच आहे."

"आभारी आहे."

"आभार कसले, घरचंच आहे."

मग तो एबोच्या दारातून डोकं आत घालायचा. "काय साहेब, झोप झाली का?"

"तू आधी पाणी सोड. गाव बादल्या घेऊन बसलंय."

दोघे एकाच वर्षी कामाला लागले होते. एबोला थोडं लिहिता यायचं म्हणून तो चढत चढत केंद्राचा प्रमुख झाला. जोजो चावीपाशीच राहिला. तेव्हापासून तो त्याला साहेब म्हणायचा. चिडवणं जुनं झालं होतं, पण दोघांनाही त्याची सवय लागली होती. दुपारी दोघे टाकीच्या सावलीत बसून मक्याच्या आंबवलेल्या पिठाची केंकी आणि तळलेला मासा खायचे. मिरचीची चटणी जोजोच्या घरची, मासा एबोच्या घरचा.

महिन्यातून एकदा मात्र एबोला एक काम जीव मुठीत धरून करावं लागे. राजधानीच्या सिस्टीमवर केंद्रातल्या प्रत्येकाचं नाव उघडायचं, नावापुढे 'हजर', 'रजेवर' किंवा 'मयत' यांतलं एक निवडायचं आणि शेवटी आपला स्वतःचा अंगठा द्यायचा. म्हणजे, ही माणसं मी डोळ्यांनी पाहिली, असं सांगायचं. एक नाव जरी राहिलं तरी सगळ्यांचा पगार अडकायचा.

२

त्या महिन्यातला तो शेवटचा दिवस होता. मशीनमधल्या बाईने अत्ताचे आभार मानले, मिस आमिसाचे मानले. त्यानंतर भिंतीपलीकडे बराच वेळ शांत होतं.

मग जोजोची बायको आबा दारात येऊन उभी राहिली. ती कधी कचेरीत येत नसे. तिच्या एका पायात एक चप्पल होती आणि दुसऱ्या पायात दुसरीच.

"भावजी," ती म्हणाली, "तुमच्या मित्राला आज जरा बरं नाही."

"फार?"

"फार नाही. झोपलेत." ती पदराशी चाळा करत राहिली. "नाना उत्तरेला गेलेत, लेकीकडे. त्यांच्याकडे माणूस पाठवतोय. आज दुपारच्या गाडीने निघेल."

एबोला सगळं कळलं.  पण तो काही बोलला नाही, आणि तिनेही पुढे काही सांगितलं नाही.

आमच्याकडे असंच असतं. आईच्या कुळातल्या थोरल्याला, दारू समोर ठेवून, रीतसर सांगितल्याशिवाय मेलेला माणूस मेलेला नसतो. तोवर घरच्यांनी रडायचं नाही. शेजारी काही विचारायचं नाही. त्या घरातली चूल पेटलेली दिसली पाहिजे आणि अंगण झाडलेलं दिसलं पाहिजे. ते शब्द सगळ्यांत आधी थोरल्याच्या, म्हणजे इथे नानांच्या, कानावर गेले पाहिजेत. आधीच कोणी बोललं तर ते मेलेल्याला घरातून ढकलून दिल्यासारखं होतं.

"त्यांना सांगा, आराम करा म्हणावं," एबो म्हणाला.

"सांगते." जाता जाता ती वळली. "आज पाणी कोण सोडणार?"

"मी सोडतो, वहिनी."

दुपारी त्याने संगणक उघडला. सगळी नावं झाली. जोजोचं राहिलं. रजेवर दाखवायचं तर डॉक्टरचा कागद हवा होता. मयत दाखवायचं, तर ते नाना अक्वाच्या आधी एका यंत्राला सांगितल्यासारखं झालं असतं, आणि तेसुद्धा स्वतःचा अंगठा देऊन. एबो खूप वेळ पडद्याकडे बघत बसला. बाहेर अत्ता कोणाशी तरी पगाराचंच बोलत होता. त्याची मुलगी शाळेच्या फीसाठी थांबली होती.

एका महिन्याचा तर प्रश्न आहे, एबोने मनाशी म्हटलं. पुढच्या महिन्यात दुरुस्त करू.

त्याने जोजोपुढे 'हजर' निवडलं आणि अंगठा ठेवला.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी एबो चहाचा पेला हातात घेऊन बसला होता. अत्ताचे आभार झाले, मिस आमिसाचे झाले.

"पुन्हा अंगठा ठेवा," बाई म्हणाली.

एबोने पेला खाली ठेवला.

"पुन्हा अंगठा ठेवा."

मधे थोडा वेळ गेला. अंगठा पुसून घ्यायला माणसाला लागतो तेवढा.

"आभारी आहे."

तो उठून बाहेर आला. व्हरांड्यात कोणी नव्हतं. समुद्रावरून खारा वारा येत होता आणि झाडू भिंतीला टेकून उभा होता. मशीनच्या छोट्या काचेवर 'जोजो एसिल्फी' ही हिरवी अक्षरं होती. त्याच्या डोळ्यांदेखत ती विझली.

"अत्ता," त्याने हाक मारली. "आत्ता कोण आलं?"

अत्ता फाटकापाशी ब्रेड खात होता. तो एबोला मानाने पापा म्हणायचा. "कोणी नाही, पापा. मी काय फाटक सोडून नाचायला गेलो होतो?"

"मशीन बोललं."

"त्याला हवेतल्या मिठाचा त्रास आहे. माझ्या रेडिओचं असंच झालं होतं. दोन दिवस बायबल सांगत होता, मग बंद पडला."

एबोला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. तार ओलसर होत असेल, मशीनला जुनी आठवण येत असेल. यंत्राला सवय लागत असेल. माणसाला लागते, तशी यंत्राला का लागू नये?

पण दुसऱ्या दिवशी तसंच झालं. आणि तिसऱ्या. दोनदा नकार, मधे तेवढीच उसंत, मग आभार. फक्त बाईला उत्तर द्यायला कोणी नव्हतं.

त्या आठवड्यात नाना उत्तरेहून परतला. त्याला रीतसर सांगितलं गेलं, आणि मग जोजोच्या घरून रडणं उठलं. लाल आणि काळी, शोकाची वस्त्रं बाहेर निघाली. एबो पोटभर रडला. मग तोंड धुऊन कचेरीत आला आणि त्याने मुलीला फोन लावला. एकुआ विभागीय कचेरीत कर्मचाऱ्यांच्या नोंदींचंच काम बघायची.

"बाळा, जोजोकाकांचं नाव मयतमध्ये घालायचं आहे. इथून होत नाही."

तिकडून कळफलक वाजत राहिला. "पापा, तुम्ही कोणती तारीख टाकताय?"

"गेला ती."

"ती सिस्टीम घेणार नाही. त्यानंतर ते रोज कामावर आलेत."

"कोण आलेत?"

"जोजोकाका. आज सकाळीसुद्धा." ती थांबली. "पापा, त्यांच्या नावावर दुसरं कोण अंगठा देतंय का? तसलं काही असेल तर आत्ताच सांगा. तपासणीत सापडलं तर तुमची पेन्शन जाईल."

"कोणी देत नाही."

"मग मशीन खराब आहे. त्याची वायर काढून ठेवा. एक दिवस हजेरी चुकली की मी इथून नोंद करते. हजेरी थांबल्याशिवाय मरण चढत नाही, हा नियम आहे. मी नाही केला."

"कोणी केला?"

"राजधानीतल्या कोणीतरी. ज्याच्या घरी कधी कोणी मेलं नसेल त्याने."

४

एबोने स्वतःच्या हाताने वायर उपटली. काच काळी पडली. मग तो पाणी सोडायला खाली गेला.

व्हॉल्व्हची खोली टाकीच्या पायथ्याशी, अर्धी जमिनीत होती. आत उतरायला दगडी पायऱ्या. भर दुपारीसुद्धा तिथे गारवा आणि ओल्या लोखंडाचा वास. वरच्या जाळीतून उजेडाचा एक चौकोन खाली पडायचा, बाकी सगळा अंधार. मधोमध व्हॉल्व्ह, आणि त्यावर उभी केलेली माणसाच्या छातीएवढी चावी.

पाइप फार जुना होता. व्हॉल्व्ह घाईने उघडला की पाणी आत आपटायचं आणि टेकडीपासून गावापर्यंत पाइप ढणढणायचा. जोजो गेल्यापासून एबो पाणी सोडत होता, आणि रोज पाइप ढणढणत होता. बायका नळावर हसत, "आज पण साहेबांनीच सोडलंय."

त्या दिवशी तो पायऱ्यांवर असतानाच त्याला पाण्याचा आवाज आला. पाणी सुटलेलं होतं. पाइप गप्प होता. आत शिरलेलं पाणी जणू पाय न वाजवता चाललं होतं.

खोलीत कोणी नव्हतं. एबोने चावीवर हात ठेवला आणि पटकन मागे घेतला. लोखंड ऊन होतं. जिथे धरायची तिथे, दोन मुठींएवढ्या जागेत ऊन, बाकी सगळं थंड.

परत येताना त्याने नळाची वाट घेतली. एक म्हातारी बादली भरून डोक्यावर घेत होती.

"आज छान आलं पाणी," ती म्हणाली. "जोजो असताना यायचं तसं. देव त्याला विसावा देवो."

एबो मान हलवून पुढे गेला. विसावा हा शब्द त्याच्या मनात घरी जाईपर्यंत रुतून राहिला.

वायर काढून उपयोग झाला नव्हता. संध्याकाळी एकुआचा फोन आला. आजचीही हजेरी लागली होती. कशी, ते तिला कळत नव्हतं. मग बाकीच्यांची हजेरी बुडायला नको, म्हणून एबोने मशीन परत जोडलं.

५

अंत्यविधीच्या आदल्या दिवशी आबा पुन्हा आली. या वेळी चपला बरोबर होत्या. कपडे काळे. ती खुर्चीवर बसली नाही.

"भावजी, आम्ही त्यांना आंघोळ घालायला गेलो होतो. शवागारात."

"हो."

"त्यांना घाम येतोय."

एबोने तिच्यासाठी खुर्ची पुढे ओढली.

"इतके दिवस बर्फात ठेवलेला माणूस. कपाळावर, काखेत, पाठीवर घाम. आम्ही पुसलं. पुन्हा आला. माझी नणंद म्हणाली, बर्फाचं पाणी असेल. मी त्या माणसाचे कपडे जन्मभर धुतलेत, भावजी. मला त्यांच्या घामाचा वास कळत नाही का?"

"वहिनी, बसा जरा."

"नको. मेलेलं माणूस स्वप्नात येतं, निरोप घेतं. माझ्या सासूबाई आल्या होत्या, माझा भाऊ आला होता. हे आलेले नाहीत. एकदासुद्धा नाहीत. येतील कसे? त्यांना सवड कुठे आहे?" तिने एबोकडे सरळ पाहिलं. "अत्ता सांगत होता, तुम्ही त्यांना हजर दाखवलं होतं."

"नानांना कळायच्या आधी कसं..."

"तुम्ही बरोबरच केलंत. मीही तेच केलं असतं. मी भांडायला नाही आले." तिचा आवाज पहिल्यांदा फुटला. "पण त्यांना सोडा आता. तुम्ही त्यांचे साहेब ना? सुट्टी द्या त्यांना."

शनिवारी जोजोला पुरलं. नानाने जमिनीवर दारू ओतली आणि मोठ्या आवाजात म्हणाला, एसिल्फीच्या पोरा, तुझी वाट मोकळी आहे, मागे वळून बघू नकोस. एबोने स्वतः माती लोटली. ती पेटीवर पडताना ऐकली. आता झालं, असं त्याला वाटलं. रविवारी तो खूप दिवसांनी गाढ झोपला.

सोमवारी सकाळी अत्ताचे आभार झाले. मिस आमिसाच्या टाचा वाजत गेल्या.

"पुन्हा अंगठा ठेवा," बाई म्हणाली.

एबोने डोळे मिटले.

"पुन्हा अंगठा ठेवा. पुन्हा अंगठा ठेवा. पुन्हा अंगठा ठेवा."

या वेळी ते दोनदावर थांबलं नाही. बाई म्हणत राहिली. तिचा आवाज तेवढाच गोड. मधल्या उसंतीत काचेवर काहीतरी घासल्यासारखा आवाज येत होता, मऊ, ओलसर. एबोला उठून बाहेर जाता आलं असतं. दार तीन पावलांवर होतं. तो गेला नाही. मातीत गेलेल्या अंगठ्याचं काय होत असेल आणि बाई तो किती दिवस मागत राहील, एवढाच विचार त्याच्या मनात येत राहिला.

शेवटी बाई म्हणाली, "आभारी आहे." आणि थकलेली पावलं खालच्या वाटेने गेली.

६

एबोने एकुआला फोन केला. "बाळा, मला एक वॉलमन दे. कोणीही चालेल."

"पापा, जागा भरलेली दिसतेय. जोजोकाका तिथे आहेत. भरलेल्या जागेवर दुसरा माणूस कसा देऊ?"

"आणि जागा रिकामी कधी होईल?"

"ते यायचे थांबले की."

"आणि ते कधी थांबतील?"

"मला काय विचारता, पापा? मला सिस्टीम कळते, मेलेली माणसं नाही." मग ती हळू आवाजात म्हणाली, "मला भीती वाटते हल्ली. मी सकाळी त्यांचं नाव उघडत नाही."

त्याच फोनवर एबोला उमगलं की आपण कुठे चुकलो. चार्ज.

पाणीखात्यातला चार्ज कागदावर होत नसे. जाणारा माणूस आणि येणारा माणूस, दोघे खाली खोलीत उतरायचे. दोघे एकदम चावी धरायचे. येणारा म्हणायचा, मी आलो, तू जा. मग जाणारा हात सोडायचा. हात सोडला नाही तोवर पाण्याची जबाबदारी त्याचीच. जोजोला चावी देणारा म्हातारा फोसू तर निवृत्त झाल्यावरही सगळा पावसाळा रोज येत राहिला होता, कारण कचेरीने त्याच्या जागी कोणी दिलं नव्हतं. तेव्हा सगळे त्याला हसले होते. "अरे, घरी जा की." तो म्हणायचा, "जातो. कोणीतरी येऊ दे."

नानाने वाट मोकळी केली. पण जोजोकडून चावी कोणीच घेतली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. मंगळवारी आमच्याकडे कोणी समुद्रात जात नाही. होड्या वाळूवर उलट्या पडल्या होत्या आणि सगळा किनारा गप्प होता. भर दुपारी एबो पायऱ्या उतरला. भीती वाटत होती, नाही असं नाही. पण त्याहून जास्त त्याला लाज वाटत होती.

खाली पाण्याचा आवाज होता. डोळे अंधाराला सरावायला वेळ लागला.

उजेडाच्या चौकोनात चावी हळूहळू फिरत होती. तिच्यावर दोन हात होते. उजेड मनगटापर्यंतच पोचत होता, त्यापुढे अंधार. हात ओळखीचे होते. डाव्या हाताच्या नखावरचा जुना डाग ओळखीचा होता. अंगठ्यांकडे एबोने एकदाच पाहिलं आणि नजर काढून घेतली.

वर, जिथे तोंड असायला हवं होतं, तिकडे त्याने पाहिलं नाही.

"साहेब," आवाज आला. "आज इकडे कसे?"

आवाज जोजोचाच होता, पण त्यातली चेष्टा निघून गेली होती. माणूस फार दमला की नुसते शब्द उरतात, तसं.

"जोजो, झालं तुझं काम. जा आता."

चावी थोडी फिरली. थांबली. पाइप वाजला नाही.

"जातो," आवाज म्हणाला. "कोणाला देऊ?"

एबोने विचार केला नाही. करायला हवा होता, असं कोणी म्हणेल. पण ज्या माणसाच्या घरची चटणी आपण सगळं आयुष्य खाल्ली, त्याला अंधारात उभं ठेवून विचार कसला करायचा?

तो पुढे झाला आणि त्याने चावी धरली. चार हात एका लोखंडावर. त्या हातांतून येणारा गारवा त्याच्या खांद्यापर्यंत चढला.

"मी आलो," तो म्हणाला. "तू जा."

हात सुटायला वेळ लागला. एकेक बोट. मग ते उजेडातून मागे सरले, आणि पायऱ्यांवर पावलं वाजली. सुटी झालेल्या माणसाची पावलं, सावकाश. वरच्या पायरीवर ती थांबली. एबोला वाटलं, आता तो काहीतरी बोलेल, निदान साहेब म्हणेल. पावलं तशीच पुढे गेली.

७

बुधवारी अत्ता आणि मिस आमिसानंतर भिंतीपलीकडे शांतता होती. एबो तिच्यात बसून चहा प्याला.

आबाने निरोप पाठवला. रात्री स्वप्नात आले होते. पांढरे कपडे, अंग कोरडं. हसत होते, म्हणाले, बरं आहे. एबोने देवाचे आभार मानले.

एकुआचा फोन आला. "पापा, चढलं. सिस्टीमने मयत घेतलं. तुम्ही काय केलंत?"

"काही नाही. त्यालाच कंटाळा आला असेल."

ती हसली. मग म्हणाली, "एक वाईट झालं. नाव निघालं आणि त्याबरोबर जागाही निघाली. वॉलमनचं पद बंद. वरून मंजुरी नाही, पुढे कधी मिळणारही नाही."

"मी सोडतो ना पाणी."

"तुम्ही पुढच्या वर्षी निवृत्त होताय. मग कोण सोडेल?"

"बघू तेव्हा," एबो म्हणाला.

दिवस गेले. त्याच्या हाताखाली पाइप आता ढणढणत नव्हता. नळावरच्या बायकांनी त्याचं कौतुक केलं. सकाळी जाग येताना त्याचे खांदे भरून आलेले असायचे. म्हातारपण, तो म्हणायचा.

मग एका सोमवारी एकुआचा फोन आला. तिचा आवाज विचित्र होता.

"पापा, काल रविवार होता."

"हो."

"काल तुमची हजेरी लागली आहे. सकाळची."

"मशीनला मीठ..."

"पापा, काल सकाळी तुम्ही चर्चमध्ये माझ्या शेजारी बसला होतात. तुम्हाला उकडत होतं. मी तुम्हाला पंख्याने वारा घालत होते." तिचा श्वास ऐकू येत होता. "तुम्हाला इतका घाम येत होता की मी रुमाल दिला. आणि त्याच वेळी तुमचा अंगठा केंद्रावर लागलाय. आधीच्या रविवारीही लागलाय. त्याच्या आधीच्याही."

एबो भिंतीकडे बघत राहिला.

"अत्ताने मला सांगितलं सगळं," ती म्हणाली. "चार्जचं. तुम्ही खाली गेला होतात, तेव्हा वरच्या जाळीतून त्याने ऐकलं ते. पापा, मी शनिवारी येते. जे काही तुम्ही हातात घेतलंय, ते मी घेते तुमच्याकडून. मी तरणी आहे, मला झेपेल. तुम्हाला मी त्या भोकात उभं राहू देणार नाही. ऐकताय ना?"

तो ऐकत होता. ती येईल, हे त्याला ठाऊक होतं. ती पायऱ्या उतरेल आणि विचार न करता हात पुढे करेल, जसा त्याने केला. परका माणूस कधीच येणार नव्हता. परक्याला पगार लागतो, जागा लागते, मंजुरी लागते. तिथे उतरून चावी धरणारा माणूस जगात एकच प्रकारचा असतो, आणि एबोकडे तसं एकच माणूस होतं.

"कशाला येतेस?" तो म्हणाला.

"काय?"

"तुझी आई आजारी होती तेव्हा आली नाहीस. शेवटपर्यंत तुझं नाव घेत होती. तेव्हा वेळ नव्हता तुला. आता काय बघायला येतेस?"

तिची तेव्हा परीक्षा होती. येऊ नकोस असं त्यानेच तिला बजावलं होतं, आणि तिला काही कळू दिलं नव्हतं. दोघांनाही ते माहीत होतं.

"पापा," ती अगदी लहान आवाजात म्हणाली.

"इथे तुझं काही काम नाही. मला तुझी गरज नाही. येऊ नकोस. माझ्या मातीलासुद्धा येऊ नकोस."

त्याने फोन कापला. फोन टेबलावर ठेवून त्याने दोन्ही हात मांडीखाली दाबले.

थोड्या वेळाने फोन वाजला. वाजून थांबला. पुन्हा वाजू लागला. काचेवर मुलीचं नाव होतं. एबो ते बघत बसला आणि मनातल्या मनात म्हणत राहिला, रागाव, बाळा, रागाव. फोन वाजतच होता.